मातृ-आरोग्यसेवांचे मानचित्रण

ग्रामीण स्त्रियांना प्रसूतिपूर्व तपासणी, सुरक्षित प्रसूती, प्रसूतिकालीन आकस्मिक उपचार, कुटुंबनियोजन, गर्भपात व स्त्रीरोगचिकित्सा ह्या सेवा किती अंतरावर, किती वेळात व कितपत खात्रीने मिळू शकतात, हे नकाशांच्या साहाय्याने मोजण्याची पद्धती. वैद्यकीय भूगोल, लोकसंख्याशास्त्र, प्रसूतिविज्ञान व मानचित्रकला ह्या शास्त्रांच्या सीमेवर ही पद्धती विकसित झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भौगोलिक माहिती प्रणाली, कृत्रिम उपग्रहांद्वारे मिळणारी माहिती व संगणक ह्यांचा उपयोग होऊ लागल्यानंतर तिला आजचे स्वरूप प्राप्त झाले.

ह्या मोजणीचे महत्त्व प्रसूतीतील उपद्रवांच्या स्वरूपात आहे. गरोदर स्त्रियांपैकी कोणाची प्रसूती अडेल वा कोणाला अतिरक्तस्राव होईल, हे निश्चितपणे आधी सांगता येत नाही. उपचार न मिळाल्यास उपद्रवाच्या प्रारंभापासून मृत्यू ओढवेपर्यंतचा सरासरी काळ प्रसूतिपश्चात रक्तस्रावात सु. २ तास, प्रसूतिपूर्व रक्तस्रावात सु. १२ तास, गर्भाशय फाटल्यास सु. १ दिवस, गर्भाक्षेपकात (गरोदरपणातील झटक्यांत) सु. २ दिवस, अडलेल्या प्रसूतीत सु. ३ दिवस आणि जंतुसंसर्गात सु. ६ दिवस असा मानला जातो. त्यामुळे गाव व रुग्णालय ह्यांमधील वाट किती वेळाची आहे, हा प्रश्न येथे केवळ सोयीचा राहत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सु. २,६०,००० स्त्रिया गरोदरपण व प्रसूती ह्यांच्याशी निगडित कारणांनी मृत्यू पावल्या. ह्यांपैकी बहुसंख्य मृत्यू टाळता येण्याजोगे होते.

पूर्वपीठिका : रोगाचे स्थान नकाशावर दाखविण्याची प्रथा अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. व्हॅलेंटाइन सीमन ह्या अमेरिकन वैद्याने १७९८ मध्ये न्यूयॉर्क शहरातील पीतज्वराच्या रुग्णांचे नकाशे प्रसिद्ध केले. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरातील १८५४ च्या पटकीच्या साथीचा जॉन स्नो (१८१३–५८) ह्यांचा नकाशा विशेष प्रसिद्ध आहे. हे नकाशे रोग कोठे आहे हे दाखवीत. उपचार कोठे आहेत व तेथवर कोण पोहोचतो, हा प्रश्न त्यांत नव्हता.

तो प्रश्न प्रथम एडवर्ड जार्व्हिस (१८०३–८४) ह्या अमेरिकन वैद्याने १८५० मध्ये मांडला. मनोरुग्णालयापासून वस्ती जसजशी दूर जाते, तसतसे तेथून दाखल होणाऱ्या रुग्णांचे लोकसंख्येशी प्रमाण कमी होते, असे त्यांनी आकडेवारीवरून दाखविले. दूरच्या गावांत रोग कमी असतो असा ह्याचा अर्थ नसून तेथील रोगी रुग्णालयापर्यंत येत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष होता. अंतराबरोबर सेवेचा वापर घटत जाण्याच्या ह्या प्रवृत्तीस ‘अंतर-ऱ्हास’ म्हणतात. पुढे वॉल्टर क्रिस्टालर (१८९३–१९६९) ह्या जर्मन भूगोलज्ञाने १९३३ मध्ये मध्यवर्ती स्थान सिद्धांत मांडला. कोणती सेवा किती लोकसंख्येमागे व किती पल्ल्यात टिकून राहते, ह्याचे सैद्धांतिक विवेचन त्यामुळे उपलब्ध झाले. आफ्रिकेतील अनुभवावर आधारलेल्या, विकसनशील देशांतील वैद्यकीय सेवेविषयीच्या १९६६ च्या ग्रंथात मॉरिस किंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी युगांडातील आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या रुग्णांची संख्या अंतरागणिक कशी झपाट्याने उतरते, हे दाखवून दिले. ब्रिटिश वैद्य जूलियन ट्यूडर हार्ट ह्यांनी १९७१ मध्ये ‘व्यस्त सेवानियम’ सांगितला. ज्यांना सेवेची गरज सर्वाधिक त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते, हा त्या नियमाचा आशय होय.

लोकसंख्येचे निकष : नियोजनात मात्र दीर्घकाळ अंतराऐवजी लोकसंख्या हेच माप वापरले गेले. भारतात सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ च्या अहवालात अल्पकालीन योजनेसाठी ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचविले. समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर १९५२ पासून अशी केंद्रे स्थापन होऊ लागली. पुढे रूढ झालेल्या निकषांनुसार सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र व १,२०,००० मागे एक सामूहिक आरोग्य केंद्र, तर डोंगराळ व आदिवासी भागात अनुक्रमे ३,०००, २०,००० व ८०,००० लोकसंख्येमागे ही केंद्रे असावीत असे ठरले.

निकष शिथिल केल्याने अंतराचा प्रश्न सुटतोच असे नाही. दर चौ. किमी.स ३०० वस्ती असलेल्या सपाट प्रदेशात ३०,००० लोक सु. १०० चौ. किमी. क्षेत्रात राहतात, म्हणजे केंद्र मध्यभागी असल्यास सर्वांत दूरची वस्ती सु. ५·६ किमी.वर असते. गडचिरोली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौ. किमी.स ७४ होती. तेथे २०,००० लोकांना सु. २७० चौ. किमी. क्षेत्र लागते व हेच अंतर सु. ९·३ किमी. होते. म्हणजे सवलतीचा निकष पूर्णपणे पाळला, तरी अरण्यातील स्त्रीला सपाटीवरील स्त्रीपेक्षा दीडपटीहून अधिक अंतर तोडावे लागते. हे अंतरही सरळ रेषेतील असून त्यात नाले, घाट व पावसाळा ह्यांचा विचार नाही.

तीन विलंब : मातामृत्यूंचा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८५ नंतर पुढे आला. ॲलन रोझेनफील्ड व डेबोरा मेन ह्यांनी त्या वर्षी लिहिलेल्या लेखात, माता-बाल आरोग्याच्या कार्यक्रमांत माता उपेक्षित राहिली आहे, असे प्रतिपादन केले. १९८७ मध्ये नैरोबी येथे सुरक्षित मातृत्व परिषद भरली. सेरीन थॅडियस व मेन ह्यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागील विलंबांचे तीन प्रकार सांगितले : (१) उपचार घेण्याचा निर्णय करण्यातील विलंब, (२) उपचारस्थळी पोहोचण्यातील विलंब व (३) तेथे पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील विलंब. मानचित्रणाचा थेट संबंध दुसऱ्या विलंबाशी येतो. मात्र रुग्णालय दूर व वाट खर्चाची आहे हे घरच्यांना ठाऊक असल्याने निर्णयही लांबतो. अंतराचा परिणाम अशा रीतीने पहिल्या विलंबातही उतरतो.

संयुक्त राष्ट्रांच्या संघटनांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांनुसार दर ५ लाख लोकसंख्येमागे आकस्मिक प्रसूतिसेवा देणारी किमान पाच केंद्रे असावीत आणि त्यांपैकी एकात तरी सिझेरियन शस्त्रक्रिया व रक्तसंक्रमण ह्यांची सोय असावी. जागतिक शस्त्रक्रियाविषयक लॅन्सेट आयोगाने २०१५ मध्ये वेळेचा निकष पुढे ठेवला. २०३० पर्यंत प्रत्येक देशातील किमान ८० टक्के लोकसंख्या, सिझेरियनसह तीन मूलभूत शस्त्रक्रिया करू शकणाऱ्या रुग्णालयापासून दोन तासांच्या आत असावी, हे ते उद्दिष्ट होय.

साधने व पद्धती : सर्वांत सोपी पद्धती म्हणजे प्रत्येक केंद्राभोवती ५ वा १० किमी. त्रिज्येचे वर्तुळ काढून त्याबाहेरील गावे मोजणे. तीत वाटेतील अडथळे धरले जात नाहीत. दुसऱ्या पद्धतीत रस्त्यांचे जाळे, त्यांचा प्रकार व वाहनांचा वेग ह्यांवरून प्रवासकाल काढतात. तिसऱ्या पद्धतीत प्रदेश लहान चौरसांत विभागून प्रत्येक चौरस ओलांडण्यास लागणारा वेळ भूमिरूप, वनाच्छादन, उतार व जलाशय ह्यांवरून ठरवितात आणि केंद्रापर्यंतची सर्वांत कमी वेळाची वाट संगणकाने शोधतात. समान प्रवासकालाची स्थळे जोडणाऱ्या रेषांस ‘समकाल रेषा’ म्हणतात. समोच्च रेषांच्या नकाशात जसा डोंगर दिसतो, तसा ह्या नकाशात सेवेपासूनचा दुरावा दिसतो.

ह्या पद्धतींचा पाया कॅनडामध्ये रॉजर टॉमलिन्सन (१९३३–२०१४) ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात उभारलेल्या भौगोलिक माहिती प्रणालीने घातला. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकन अवकाशयानातून रडारद्वारे पृथ्वीच्या बहुतांश भूपृष्ठाच्या उंचीचे मापन झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जागतिक स्थाननिश्चिती प्रणालीच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली अशुद्धता काढून टाकण्यात आली व सामान्य उपकरणानेही खेड्यातील केंद्राचे स्थान काही मीटरांच्या आत नोंदविता येऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासकाल काढण्यासाठी ‘ॲक्सेसमॉड’ हे साधन विकसित केले. निकोला रे व स्टीव्ह एबेनर ह्यांनी २००८ मध्ये त्याच्या तिसऱ्या आवृत्तीचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘वर्ल्डपॉप’ प्रकल्पाने (२०१३) लोकसंख्येचे, तसेच प्रजननक्षम वयाच्या स्त्रिया, गर्भधारणा व जन्म ह्यांचे सूक्ष्म वितरण दाखविणारे नकाशे तयार केले.

उतारावरील चालण्याच्या वेगासाठी वॉल्डो टोब्लर (१९३०–२०१८) ह्यांचे १९९३ मधील सूत्र बरेच वापरले जाते. त्यानुसार सपाटीवर ताशी सु. ५ किमी. असलेला वेग २० टक्के चढावर ताशी सु. २·५ किमी.पर्यंत उतरतो. तथापि हे सूत्र धडधाकट व्यक्तीच्या चालण्याचे आहे. कळा सुरू झालेली स्त्री एकतर अतिशय सावकाश चालते किंवा तिला झोळीतून वा खाटेवरून न्यावे लागते. वेग निम्मा धरल्यास एका तासाचे अंतर दोन तासांचे होते व नकाशावर सेवाक्षेत्रात दिसणारी अनेक गावे त्याबाहेर पडतात.

परदेशांतील अभ्यास : कुटुंबनियोजनाच्या सेवांचे अंतर हा विषय जागतिक जननक्षमता सर्वेक्षणात (१९७२–८४) प्रश्नावलीच्या रूपाने आला होता. त्यात स्त्रियांनी सांगितलेले अंतर नोंदवीत. थायलंडच्या ईशान्य भागातील नांग राँग जिल्ह्यात बार्बरा एंटविसल व त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यांच्या जाळ्याचा नकाशा करून १९९७ मध्ये संततिनियमनाच्या साधनांच्या निवडीचे विश्लेषण केले. सर्वांत जवळच्या केंद्राच्या अंतराबरोबरच इतर केंद्रांची सोय व मधल्या रस्त्याचे स्वरूप ह्यांचाही ह्या निवडीशी संबंध असल्याचे त्यांना दिसले. बांगला देशातील मतलब येथे १९६६ पासून जन्म-मृत्यूंची अखंड नोंद ठेवली जाते. नद्या व खाड्यांच्या ह्या प्रदेशात १९९० नंतरच्या दशकात ती नोंद नकाशाशी जोडण्यात आली.

सबाइन गाब्रिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये झँबियाच्या ग्रामीण भागातील जन्म व आरोग्यकेंद्रे ह्यांची माहिती एकत्र केली. केंद्राचे अंतर दुप्पट झाले की तेथे प्रसूती होण्याची शक्यता (सांख्यिकीय अर्थाने संभाव्यता-गुणोत्तर) २९ टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. मात्र मलावी व झँबिया ह्यांच्या २०१२ च्या अभ्यासात, दूरच्या गावांत केंद्रातील प्रसूती कमी असूनही नवजात अर्भकांच्या पहिल्या आठवड्यातील मृत्यूंचा अंतराशी तसा संबंध दिसला नाही. केंद्रांतील सेवेचा दर्जा पुरेसा नसल्यास जवळीक जीव वाचवू शकत नाही, असा ह्याचा अर्थ लावण्यात आला. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील ४८ देश व बेटांमधील ४,९०८ सार्वजनिक रुग्णालयांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानचित्रणानुसार २०१५ मध्ये तेथील सु. २८ टक्के प्रजननक्षम वयाच्या स्त्रिया रुग्णालयापासून दोन तासांहून अधिक दूर राहत होत्या. रूआंडात रक्ताच्या पिशव्या चालकरहित विमानांनी पोहोचविण्याचा उपक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. रुग्णास रक्तापर्यंत नेण्याऐवजी रक्त रुग्णापर्यंत नेल्याने समकाल रेषाच बदलतात, हे त्यातून दिसून आले.

भारत : १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा सुदूर संवेदन उपग्रह अवकाशात गेला आणि त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेमुळे (२०००) ग्रामीण रस्त्यांच्या नोंदी पद्धतशीर झाल्या. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान व जननी सुरक्षा योजना सुरू झाल्या आणि रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या स्त्रीस रोख साहाय्य मिळू लागले. ‘आशा’ कार्यकर्त्या गावोगावी नेमण्यात आल्या. त्याच वर्षी आंध्र प्रदेशात सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधील ३८·७ टक्क्यांवरून २०१९–२१ मध्ये ८८·६ टक्क्यांवर गेले. दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण २००४–०६ मध्ये २५४ होते. ते २०१८–२० मध्ये ९७ झाले. महाराष्ट्रात ते ३३, केरळात १९ व आसामात १९५ होते.

ही घट मोठी असली, तरी संस्थेत प्रसूती झाली एवढ्याने धोका टळत नाही. भारतातील नऊ राज्यांच्या जिल्हानिहाय आकडेवारीच्या २०१३ मधील एका अभ्यासात संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण व मातामृत्यू ह्यांमध्ये अर्थपूर्ण संबंध आढळला नाही. जवळच्या उपकेंद्रात प्रसविका असते, परंतु शस्त्रक्रिया करणारा तज्ञ, भूलतज्ञ व रक्तपेढी तेथे नसतात. त्यामुळे ‘जवळचे केंद्र’ व ‘जीव वाचवू शकणारे केंद्र’ ह्यांचे नकाशे स्वतंत्रपणे काढावे लागतात. वैद्यकीय गर्भपाताबाबतही असेच घडले. १९७१ च्या कायद्याने गर्भपात सशर्त वैध झाला, तरी मान्यताप्राप्त केंद्रे व प्रशिक्षित वैद्य मुख्यतः शहरांत राहिल्याने खेड्यातील स्त्रीच्या दृष्टीने तो हक्क प्रवासखर्चाच्या पलीकडे राहिला.

महाराष्ट्र : राज्याच्या सरासरीआड राहणारे दुर्गम प्रदेश म्हणजे गडचिरोली, मेळघाट, नंदुरबारमधील सातपुड्याच्या रांगा व पालघरचा डोंगराळ पट्टा. भामरागड येथे पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती ह्यांचा संगम असून पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचे गाव बाहेरच्या रस्त्यापासून तुटते. उन्हाळ्यातील व पावसाळ्यातील समकाल रेषा येथे अगदी भिन्न असतात. वर्षभराच्या सरासरी प्रवासकालास येथे अर्थ नाही. सरदार सरोवराच्या जलाशयाकाठी नर्मदेच्या पाण्यातून तरंगत्या दवाखान्यांनी सेवा देण्याचा प्रयत्न झाला. आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ उभारून प्रसूतीच्या काही दिवस आधी गरोदर स्त्रीस तेथे राहण्याची सोय करण्याची योजना २०१०-११ पासून राबविली जाऊ लागली. पहिलटकरणीने बाळंतपणासाठी माहेरी जाण्याच्या रूढीचे नाव तिला दिले आहे. प्रवास कळा सुरू होण्यापूर्वीच करून अंतराचा प्रश्न सोडविण्याची ही युक्ती आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतही परिचित आहे.

ह्याउलट सेवा गावातच नेण्याचा मार्ग रजनीकांत व मेबल आरोळे ह्यांनी १९७० मध्ये जामखेड येथे अवलंबिला व गावातील स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकविले. गडचिरोलीत राणी व अभय बंग ह्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि केवळ ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. रुग्णालयाच्या नोंदवहीत न आलेली ही व्याधी कोणत्याही नोंदींवर आधारलेल्या नकाशात दिसली नसती. जार्व्हिस ह्यांचा एकोणिसाव्या शतकातील इशारा येथे पुन्हा प्रत्ययास येतो.

मर्यादा : मानचित्रण पोहोचण्याची शक्यता मोजते, प्रत्यक्ष पोहोचणे नव्हे. पेन्चान्स्की व टॉमस ह्यांनी १९८१ मध्ये सेवासुलभतेची उपलब्धता, भौगोलिक गम्यता, वेळा व व्यवस्थेची सोय, परवडणे आणि स्वीकारार्हता अशी पाच अंगे सांगितली. त्यांपैकी नकाशात मुख्यतः पहिली दोन येतात. जात, गरिबी, भाषा, घरच्यांची संमती, रात्रीचा प्रवास व रुग्णालयात मिळणारी वागणूक ह्यांमुळे जवळचे केंद्र टाळून स्त्रिया दूर जातात किंवा घरीच राहतात. केंद्राच्या ठिपक्यावरून तेथील डॉक्टरचे पद भरलेले आहे की रिक्त, हेही कळत नाही. पाडे व वस्त्या महसुली गावाच्या मध्यबिंदूत विलीन केल्यास सर्वांत दूरच्या स्त्रियाच गणनेतून निसटतात. उलट अतिसूक्ष्म नोंदीत गोपनीयतेचा भंग होण्याचा धोका असतो. गर्भपात व संततिनियमन ह्यांविषयीची माहिती उघड झाल्यास स्त्रीला त्रास होऊ शकतो. म्हणून लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांत गावांची स्थाने मुद्दाम सरकवून, नागरी भागात २ किमी.पर्यंत व ग्रामीण भागात ५ किमी.पर्यंत (क्वचित १० किमी.पर्यंत) फरकाने, प्रसिद्ध करतात.

ह्या उणिवा भरून काढण्यासाठी १९९० च्या सुमारास भारतात प्रसार पावलेल्या सहभागी ग्रामीण मूल्यांकनाच्या पद्धतीचा उपयोग होतो. तीत गावातील स्त्रिया जमिनीवर खडे, पाने व रांगोळी ह्यांनी स्वतःच नकाशा काढतात. पावसाळ्यात बंद होणारी वाट, रात्री न मिळणारे वाहन, विश्वासाची सुईण व कुलूप असलेले उपकेंद्र ह्यांची नोंद अशा नकाशात होते. उपग्रहाधारित प्रवासकाल, केंद्रातील मनुष्यबळ व साधनसामग्रीची प्रत्यक्ष तपासणी आणि स्त्रियांनी दिलेली माहिती ह्या तिन्हींची सांगड घालून परिणामकारक सेवेचे क्षेत्र निश्चित करणे, ही ह्या अभ्यासाची अलीकडील दिशा होय. नवी केंद्रे कोठे उघडावीत, रुग्णवाहिका कोठे ठेवाव्यात व कोणत्या केंद्रात रक्तसाठा असावा, हे अशा नकाशांच्या आधारे ठरविता येते. दुर्गम भागांसाठी लोकसंख्येऐवजी ‘उपचारापर्यंतचा वेळ’ हा निकष भारतातील नियोजनातही स्वीकारण्यात आला आहे.